चाळीस मुलं, आठ डबे, एक जोडतास: नाशिकच्या प्राथमिक शाळेत कलेचा तास उभा करताना

प्राथमिक शाळेतला चित्रकलेचा तास बहुतेक वेळा पाण्यामुळे फसतो. बाईंना चित्र येत नाही किंवा मुलांना हात नाही, ही कारणं नंतरची. चाळीस मुलं एका नळाशी झुंबड करतात, पस्तीस मिनिटांतली पंधरा रंग वाटण्यात जातात, कुणाचा तरी डबा शेजारच्याच्या वहीवर लवंडतो, ओली चित्रं एकमेकांवर ठेवल्याने चिकटतात आणि तेवढ्यात घंटा होते. पुढच्या आठवड्यात बाई सांगतात, "पुस्तकातलं चित्र बघून वहीत काढा." इथेच तास संपतो, वेळापत्रकात मात्र तो वर्षभर राहतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी आणि शंभराहून जास्त पट असलेल्या शाळेसाठी. पहिली ते चौथीला कला शिकवायची ती वर्गशिक्षकानेच. म्हणून हा लेख वर्गशिक्षकासाठी लिहिला आहे. त्याला चित्र काढता यायलाच हवं असं नाही. त्याने पाणी, कागद, वेळ आणि वाळवण सांभाळावी आणि काय काढायचं हे मुलावर सोडावं.

वेळ आणि जागा

आठवड्यात कलेचे दोन तास असतील तर ते सलग घ्या. मुख्याध्यापकांकडे वर्षाच्या सुरुवातीला मागायची ही एकच गोष्ट आहे, आणि ती जूनमध्येच मागावी, कारण जुलैत वेळापत्रक घट्ट होतं. पस्तीस मिनिटांचे दोन तास मिळून सत्तर मिनिटं होतात. त्यातली आठ-दहा मिनिटं बघणं आणि बोलणं, पाच मिनिटं वाटप, चाळीस मिनिटं काम, दहा मिनिटं आवराआवर आणि उरलेली पाच एकमेकांची चित्रं बघायला. आवरायची दहा मिनिटं कधीही कापू नका. ती कापली की पुढच्या तासाच्या शिक्षकांची तक्रार येते, आणि दोन तक्रारींनंतर रंगांची पेटी कपाटात जाते ती गॅदरिंगपर्यंत बाहेर येत नाही.

जोडतास मधल्या सुट्टीच्या आधी ठेवा. म्हणजे चित्रं सुट्टीत वाळतात आणि हात धुवायला नळ मोकळा मिळतो.

बाकांच्या उतारावर डबा ठरत नाही. बाक भिंतीला लावा, सतरंजीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरा आणि पाच-पाच मुलांचे आठ गट बसवा. प्रत्येक गटात आठवड्याला एक 'पाणीवाला' आणि एक 'कागदवाला'. रंगाच्या तासात जागेवरून उठायचं ते या दोघांनीच. पहिलीला हे अंगवळणी पडायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर रंग काढूच नका, खडूवर काम चालू द्या.

पाण्यासाठी दोन बादल्या ठेवा, एक स्वच्छ पाण्याची आणि एक गढूळ पाणी ओतायची, आणि त्या वर्गाच्या दोन वेगळ्या कोपऱ्यांत असू द्या. शेजारी ठेवल्या तर तिसऱ्या मिनिटाला स्वच्छ बादलीत तपकिरी पाणी दिसतं. गटाला एक डबा, अर्धा किलो श्रीखंडाचा, बुडाला रुंद असलेला, आणि अर्धाच भरलेला. कापलेली पाण्याची बाटली वापरू नका. ती उंच, अरुंद आणि हलकी असते, नुसता ब्रश टेकवला तरी आडवी होते. शिवाय तिची कापलेली कड बोटाला लागते. कामाच्या मध्यावर, साधारण विसाव्या मिनिटाला, सगळ्या गटांचं पाणी एकदम बदला. मुलांची चित्रं शेवटी मातकट होतात त्यामागे बहुतेक वेळा रंगनिवड नसते, न बदललेलं पाणी असतं.

वाळवायला खिडकीच्या गजापासून समोरच्या खिळ्यापर्यंत सुतळीचे दोन पदर, मोठ्यांच्या डोक्याच्या वर, आणि कपड्यांचे चाळीस चिमटे. ओघळेल इतकं ओलं चित्र मात्र टांगू नका. ते आधी दहा मिनिटं जमिनीवर आडवं राहू द्या.

साहित्य: काय, किती, कुठून

कागदावर काटकसर करू नये, पण चांगला कागद प्रत्येक वेळी लागत नाही. ओल्या रंगासाठी साधारण १३० ते १५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप, जास्त तितका कागद जाड) कार्ट्रिज कागद घ्या. २२ × २८ इंचाच्या पूर्ण कागदाचे चार तुकडे केले की ११ × १४ चा कागद मिळतो, म्हणजे चाळीस मुलांना एका वेळी दहा पूर्ण कागद. वर्षात बारा वेळा रंगकाम धरलं तर १२० कागद आणि वर दहा. वहीच्या पातळ कागदावर पाण्याचा रंग लावला की कागद फुगतो, त्याचा लगदा निघतो आणि मूल समजतं की आपलंच चुकलं. बाकी सगळ्या कामांना, म्हणजे पेन्सिल, खडू, ठसे, चिकटकाम यांना, पाठकोरे कागद आणि छापखान्यातली कात्रणं पुरतात.

नाशिकला एक साहित्य ऋतूप्रमाणे दारात येतं. जानेवारीपासून द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की निफाड, पिंपळगाव बसवंत, दिंडोरी या पट्ट्यात दबलेले, फाटलेले पुठ्ठ्याचे खोके बाजूला पडतात. पालकांमध्ये कुणी ना कुणी बागेत किंवा पॅकहाऊसमध्ये कामाला असतं. आठ-दहा खोके मागितले तर सहज मिळतात. त्या पुठ्ठ्याच्या आतली नागमोडी घडी ठशांसाठी उत्तम. कांद्याचं बारदान धुऊन घेतलं की त्यावर सुतळीचं भरतकाम होतं आणि ओली माती झाकायलाही तेच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला टाकाऊ माल मात्र डोळे झाकून आणू नका. फोम आणि पुठ्ठ्याच्या नळ्या चालतात, पण पत्र्याचे तुकडे, तारा आणि तेलकट चिंध्या वर्गात नकोत.

गटाला दोन गोल ब्रश क्रमांक ६, दोन क्रमांक १० आणि एक चपटा, इंचभर रुंद. बारीक ब्रश पहिली-दुसरीला देऊच नका. लहान मुलाचा हात खांद्यापासून हलतो, बारीक ब्रशाने त्याचं चित्र कागदाच्या कोपऱ्यात आक्रसतं. ब्रश डब्यात केसांवर उभा राहिला तर केस कायमचे वाकतात, आणि दांडीत पाणी शिरून पत्र्याची पकड सुटते. धुवायचा, बोटांनी टोक जुळवायचं आणि आडवा ठेवायचा. कात्र्या गोल टोकाच्या घ्या. वर्गात डावखुरी मुलं किती हे आधी मोजा आणि त्यांच्यासाठी डावऱ्या हाताची कात्री मिळते ती आणा. उजव्या कात्रीने डाव्या हाताला कापावी लागणारी रेघ पात्याआड जाते, म्हणून ती मुलं वाकडं कापतात.

गेरू, डिंक आणि तांदूळ

बाजारच्या पोस्टर रंगांबरोबर चार रंग शाळेत बनवावेत. खर्च वाचतो हे खरं, पण मूळ कारण वेगळं आहे. रंग म्हणजे भुकटी अधिक चिकट पाणी, एवढी गोष्ट मुलाला हाताने कळते.

आधी डिंकाचं पाणी करा. ५० ग्रॅम बाभळीचा डिंक १५० मिली पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी ढवळून फडक्यातून गाळा. फ्रीज नसेल तर हे पाणी दोन-तीन दिवसच टिकतं, म्हणून लागेल तेवढंच करा.

चाळीस कागदांवर गेरूचा एक हात द्यायला १५० ग्रॅम चाळलेला गेरू, साडेतीनशे मिली पाणी आणि १०० मिली डिंकाचं पाणी पुरतं. गेरूत पाणी थोडं थोडं घाला. एकदम ओतलं की गुठळ्या होतात, आणि त्या कागदावर चिरडून रेघोट्या उठतात. मग कोपऱ्यातल्या कागदावर एक फटकारा मारा, वाळू द्या, बोट घासा. बोटाला लाल पूड लागली तर डिंक कमी आहे, दोन चमचे वाढवा. थर चकाकत असेल, कागद वळवल्यावर तडकत असेल तर डिंक जास्त झाला, थोडा गेरू आणि पाणी घाला. ही परीक्षा तिसरी-चौथीच्या मुलांनाच करायला द्या.

पांढऱ्यासाठी २०० ग्रॅम तांदूळ चार-पाच तास भिजवून बारीक वाटा, गाळा, दोन चमचे डिंकाचं पाणी घाला. ताकापेक्षा दाट, इडलीच्या पिठापेक्षा पातळ ठेवा. नाशिकच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात हे दुसऱ्या दिवशी आंबतं, त्यामुळे त्याच दिवशी संपवा. काळ्यासाठी लाकडी कोळसा कुटून वस्त्रगाळ करा. कुटायचं काम मोठ्यांनी, वर्गाबाहेर, नाकाला रुमाल बांधून.

पिवळ्यासाठी हळद. तिची एक गंमत आहे: हळदीच्या रंगावर साबणाचं किंवा चुन्याचं पाणी लावलं की तो लाल होतो. काडी साबणाच्या पाण्यात बुडवून हळदीच्या पिवळ्या कागदावर चित्र काढा, रेघ डोळ्यांदेखत लाल उमटते. हळद उन्हात उडते, म्हणून ही चित्रं खिडकीसमोर लावू नका. कपड्यांची पातळ नीळ मात्र मुलांच्या हाती देऊ नका. तिचे डाग गणवेशावरून जात नाहीत आणि तक्रार तुमच्याकडे येते.

गेरूवर पांढऱ्या रेघा म्हटलं की वारली आठवते. नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा भागातली काही मुलं आपल्या वर्गात असतात. त्यांच्या घरी ही कला लग्नाच्या भिंतीवरची आहे. सवासिनी लग्नचौक लिहितात, चौकात पालघट देवी असते. म्हणून हा चौक वर्गात नक्कल करायला घेऊ नका. दोन त्रिकोणांचं अंग आणि काडीचे हातपाय ही भाषा घ्या आणि त्यात मुलांना आपली सकाळ सांगू द्या: पाण्याची रांग, शाळेची रिक्षा, द्राक्षाची छाटणी. वर्गातल्या कुणाची आजी येऊन हात दाखवणार असेल तर त्याहून चांगलं काही नाही. तांत्रिक चूक इथे एकच होते, पण हमखास होते. गेरूचा हात त्याच तासाला देऊन अर्धवट ओल्यावर पांढरं लावलं जातं, खालचा लाल वर येतो आणि रेघा गुलाबी पडतात. गेरूचा हात आदल्या दिवशीच द्या. रेघेला ब्रश नको, बांबूची काडी घ्या आणि तिचं टोक दगडाने चेचा.

दोन डोंगर आणि मधला सूर्य

तिसरीच्या कुठल्याही वर्गात "निसर्गचित्र काढा" म्हणा. चाळीसपैकी तीसेक कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, चारच्या आकड्यांचे पक्षी, खाली वळत येणारी नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड दिसेल. नाशिकच्या मुलाने नारळाखालची झोपडी क्वचितच पाहिलेली असते. हे चित्र हातातून हातात आलेलं आहे, ते रागावून जात नाही. त्याला उत्तर म्हणजे खिडकी.

आपल्याकडचे डोंगर बेसॉल्टचे आहेत. लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरले, मग झिजले. म्हणून ब्रह्मगिरी आणि अंजनेरीच्या कडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात आणि माथे बऱ्याच ठिकाणी सपाट असतात. पांडवलेण्यांचा डोंगर शंकूसारखा वाटतो, पण त्याच्याही अंगावर आडव्या रेघा आहेत. शाळेच्या गच्चीवरून किंवा मैदानातून यांपैकी काहीतरी दिसतंच. शहराच्या मध्यभागी नुसत्या इमारती दिसत असतील तर गच्च्या आणि पाण्याच्या टाक्यांची कड घ्या, पद्धत तीच.

सकाळी मुलांना बाहेर न्या, पेन्सिल वर्गातच ठेवून. एक डोळा मिटायचा, बोट लांब धरायचं आणि डोंगराच्या कडेवरून सावकाश फिरवायचं, डावीकडून उजवीकडे, मुंगी चालेल तसं. कुठे बोट सरळ जातं, कुठे एकदम खाली पडतं, कुठे दात लागतात, ते मोठ्याने सांगायचं. हे तीन वेळा. मग ४ इंच उंच आणि १४ इंच लांब अशी कागदाची पट्टी द्या. त्यावर फक्त एक रेघ, उचलायची नाही, खोडायची नाही. खोडरबर गोळा करून ठेवा, नाहीतर अर्धा तास खोडण्यातच जातो. दहा मिनिटांनी चाळीस पट्ट्या भिंतीवर एकाखाली एक लावल्या की एकही दुसरीसारखी दिसत नाही, आणि तरी सगळ्यांत तोच डोंगर ओळखू येतो. रंग पुढच्या तासाला. आडव्या पट्ट्यांनी भरायचा, जवळच्या पट्ट्या गडद, लांबच्या पाणी घालून फिकट.

पट्टी लांबट असण्याला कारण आहे. नेहमीच्या आकाराचा कागद दिसला की हात आपोआप दोन त्रिकोणांकडे वळतो. अनोळखी आकार त्याला थांबवतो.

वयाचं भान इथे फार लागतं. पहिली-दुसरीचं मूल आकाश वर निळी पट्टी आणि जमीन खाली हिरवी पट्टी काढून मध्ये कोरं सोडतं, घराच्या भिंतीतून आतली माणसं दाखवतं, स्वतःला घरापेक्षा मोठं काढतं. यातलं काहीही दुरुस्त करू नका. तो त्या वयाचा विचार आहे आणि तो पूर्ण आहे. चौथीच्या आसपास मूल स्वतःच म्हणू लागतं, "मला येत नाही, ते खरं दिसत नाही." बघून काढण्याचे तास त्या वेळी द्या, दुसरीत नाही. हा टप्पा हातचा गेला की पुष्कळ मुलं चित्र काढणं कायमचं सोडतात, आणि आम्हाला ही प्राथमिक शाळेतली सगळ्यात मोठी गळती वाटते.

पाऊस, पोळा, द्राक्षं, पळस

वर्षाची आखणी पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने करण्याऐवजी हवेप्रमाणे करा. जून-जुलैत काहीच वाळत नाही. ते दिवस मेणखडू, पेन्सिल, ठसे आणि गाण्याचे. भेंडी आणि कांद्याचे ठसे सगळे करतात आणि सगळ्यांचे पसरतात. कारण भाजीचा रस. काप फडक्यावर दहा मिनिटं पालथे ठेवा, आणि रंग वाटीत न देता झाकणात ठेवलेल्या ओल्या स्पंजावर द्या. कांदा आडवा कापून मुळाकडचा भाग तसाच ठेवा, नाहीतर पाकळ्या सुटून येतात.

श्रावण अमावस्येला पोळा. मातीकामाचा मोठा तास त्याआधीच्या पंधरवड्यात घ्या म्हणजे बैल वेळेवर वाळतात. शेताची काळी माती आणू नका. ती पाण्याने फुगते आणि वाळताना तेवढीच आकसते, बैल भेगाळून पडतो. कुंभाराकडची माती किंवा शाडू घ्या. मुलामागे ३०० ग्रॅम लागते. कोरडी शाडूची पूड १० किलो आणि पाणी तीन ते साडेतीन लिटर, आदल्या रात्री भिजवून सकाळी मळलेली, चाळीस मुलांना पुरून थोडी उरते. अंगठ्याएवढी वळी करून वाकवा. तडकली तर पाणी हवं, तळव्याला चिकटली तर अजून मळा आणि थोडी कोरडी पूड लावा.

बैलाला पाय चिकटवू नका. मातीचा गोळा तळहाताएवढा लांबट करा आणि चारही पाय त्यातूनच चिमटीने ओढा, आखूड, अंगठ्याएवढे जाड. वशिंडही तसंच वर ओढायचं. मान थोडी खाली. शिंगं तेवढी वेगळी करून लावायची. दोन्ही जागा काडीने खरवडा, मध्ये चिखलाचा बोटभर लेप द्या, दाबून हलकेच फिरवा. खरवडल्याशिवाय लावलेलं शिंग ओलं असताना घट्ट वाटतं आणि वाळल्यावर गळून पडतं. पहिला दिवस बैल ओल्या बारदानाखाली ठेवा. नाहीतर बारीक शिंगं आधी वाळून आकसतात, अंग ओलंच राहतं आणि सांध्यावर तडा जातो. मग सावलीत चार ते सहा दिवस. उन्हात ठेवायचा मोह आवरा.

दिवाळीत आकाशकंदील आणि किल्ला असतातच, त्यावर लिहायला नको. संक्रांतीला पतंग, आणि येवल्याचं मूल वर्गात असेल तर त्याला आसारी, म्हणजे पतंगाचा दोरा गुंडाळायची फिरकी, वर्गात आणायला सांगा. येवल्याच्याच पैठणीचे काठ, म्हणजे आसावली, मोर, कोयरी, नारळी, हे तिसरी-चौथीच्या नक्षीकामाला फार चांगले. आईच्या किंवा आजीच्या साडीचा काठ बघायचा, एक नमुना निवडायचा आणि चौकोनी रकान्यांच्या वहीत एका चौकोनाला एक टाका धरून उतरवायचा. विणकराचा आलेख जवळपास असाच असतो. गणिताच्या शिक्षकांना हा तास आवडतो.

डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा मुखवट्यांची. त्र्यंबक, पेठ, मोखाड्याकडे बोहाडा या गावच्या उत्सवात मुखवटे घालून देवतांची सोंगं नाचतात, त्यांचे मुखवटे कागदाच्या लगद्याचेही असतात. ते देवतांचे आहेत, म्हणून मुलांनी आपले प्राणी-पक्षी करावेत. खळ अशी करा: एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, त्यात चार वाट्या उकळतं पाणी ओतत ढवळा, मंद आचेवर तीन-चार मिनिटं शिजवा. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. तो विषारी आहे, शाळेत बिलकुल नको. त्याऐवजी खळ रोज ताजी करा. मातीचं परळ पालथं घालून त्यावर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचे दोन थर द्या, ते साच्यापासून सुटायला मदत करतात. वर खळ लावलेल्या कागदी पट्ट्यांचे पाच ते सहा थर. कागद फाडायचा, कापायचा नाही. फाटलेली कड जिरते, कापलेली कड वर दिसत राहते. दोन थरांनंतर एक दिवस वाळवण. सगळे थर एकाच दिवशी चढवले की आतून ओल राहते आणि आठवड्याने वास येऊन काळी बुरशी धरते. सोयीची विभागणी अशी: तीन आठवडे थर, चौथ्या आठवड्यात नाक-कान, पाचव्यात रंग.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो. नाशिकला रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले हौद, उघडतात, त्या आठवड्यात पळसाचा रंग काढायचा. पाव किलो ताज्या पाकळ्या एक लिटर पाण्यात वीस मिनिटं मोठ्यांनी उकळायच्या आणि गाळायच्या. केशरी-पिवळं पाणी मिळतं. त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की रंग गडद होतो. फुलं खाली पडलेलीच वेचावीत.

मटकीचा सिनेमा

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म ३० एप्रिल १८७०. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर येण्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून एक छोटासा चित्रपट केला होता. हा प्रयोग चौथीच्या वर्गात कॅमेऱ्याशिवाय होतो.

खिडकीत एका कुंडीत मटकी पेरा. प्रत्येक मुलाकडे ५ × ८ सेंटिमीटरचे जाड कागदाचे वीस तुकडे. रोज सकाळी दोन तुकड्यांवर रोप काढायचं, दहा दिवस. कुंडी प्रत्येक तुकड्यावर त्याच जागी आणि त्याच मापाची हवी, नाहीतर रोपाऐवजी कुंडीच नाचते. त्यासाठी पुठ्ठ्याचा कुंडीचा साचा कापून सगळ्यांनी तोच गिरवावा. चित्र तुकड्याच्या उजव्या अर्ध्यात काढायचं, डावा अर्धा बांधणीत जातो. सुरुवातीला दोन-तीन दिवस नुसती मातीच काढावी लागते, मुलं कंटाळतात, पण ते कोरे तुकडे टाकून देऊ नका. अंकुर फुटल्याचा धक्का त्यांच्यामुळेच बसतो. शेवटी तुकडे क्रमाने लावून डाव्या कडेला दोन टाचण्या आणि वरून चिकटपट्टी. अंगठ्याने झरझर सोडलं की मटकी उगवते.

वीस तुकड्यांची घाई ज्यांना झेपणार नाही त्या दुसरीच्या मुलांसाठी पुठ्ठ्याची सात सेंटिमीटरची चकती. एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला पोपट उलटा काढलेला, दोन बाजूंना दोरा. चकती पिळून सोडली की पोपट पिंजऱ्यात. पोपट सुलट काढला तर तो डोक्यावर उभा दिसतो, आणि हे मुलांनाच शोधू द्या.

नाटकासाठी जुनी पांढरी चादर, एक टॉर्च आणि पुठ्ठ्याच्या बाहुल्या पुरतात. टॉर्च चादरीपासून दीड मीटरवर, बाहुली चादरीला जवळजवळ टेकलेली. बाहुली मागे गेली की सावली मोठी आणि अस्पष्ट होते, राक्षस असाच करायचा.

पांडवलेण्यांवर

लेणी चोवीस आहेत, चौथीच्या मुलांना तीन पुरतात. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या जोत्याखाली तुळया खांद्यावर घेतलेले यक्ष आहेत. मुलांनी तसं उभं राहून बघावं, कुठे भार येतो ते अंगाला कळतं, मग काढावं. दहाव्या लेण्यात खांबांवरचे प्राणी. अठराव्या चैत्यगृहाची कमान. सकाळी साडेसातला पायथ्याशी पोचा, उन्हाआधी उतरा. दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस. प्रत्येकाकडे पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेले पाच कागद आणि पेन्सिल, बाकी काही नाही. हे संरक्षित स्मारक आहे, रंग, खडू किंवा भिंतीला कागद लावून घासणं, काहीही चालत नाही.

बोलणं, नोंद आणि भिंत

फळ्यावर चित्र काढून दाखवू नका. बाईंचा हत्ती फळ्यावर आला की चाळीस वह्यांत बाईंचाच हत्ती येतो. "छान, छान" हेही टाळा, ते सगळ्यांना सारखंच मिळतं म्हणून कुणालाच लागत नाही. जे दिसतं ते बोला: "तू नदीला तीन निळे वापरलेस." "हा माणूस कागदाच्या बाहेर निघालाय, कुठे चाललाय?" आणि "हे काय आहे?" ऐवजी "याबद्दल सांग." मुलाच्या चित्रावर तुमची पेन्सिल कधीही चालवू नका. नाक कसं काढायचं विचारलं तर शेजारच्याचं नाक दाखवा किंवा वेगळ्या कागदावर काढा.

आकारिक मूल्यमापनात कलेची वर्णनात्मक नोंद लागते आणि मार्चमध्ये ती आठवून लिहिली जाते, म्हणून सगळ्यांची सारखी निघते. दर जोडतासाला फक्त पाच मुलांकडे नीट बघा आणि दोन ओळी लिहा. आठ आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो. "चित्र छान काढतो" यातून काही कळत नाही. "बैल बाजूने काढताना दोनच पाय दिसतात हे स्वतः शोधलं" किंवा "हिरवा मिळत नव्हता, निळा-पिवळा मिसळून तीन वेळा करून पाहिला" ही नोंद.

भिंतीवर चित्रं मुलांच्या डोळ्याच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटरवर लावा. चाळीसच्या चाळीस लावा. निवडक पाच लावली की उरलेल्या पस्तिसांना वर्षभराचा निकाल कळून जातो. खाली नाव आणि मुलाने सांगितलेलं एक वाक्य. रंगभरण स्पर्धांचे छापील कागद या भिंतीवर नकोत. त्यात मुलाचा निर्णय एवढाच असतो की साडी लाल की जांभळी.

महिन्याने चित्रं उतरवा, मागे तारीख घाला, प्रत्येकाच्या फाइलीत ठेवा आणि एप्रिलमध्ये घरी द्या. मोडलेले बैल टाकून देऊ नका. पूर्ण कोरडे झाल्यावर फोडून बादलीत टाका आणि वर पाणी घाला. कोरडी माती रात्रीत विरघळते, अर्धवट ओली तशीच गोळ्याने राहते. वरचं पाणी दुसऱ्या दिवशी ओतून द्या, गाळ बारदानावर पसरून मळण्याजोगा झाला की प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. जूनमध्ये उघडताना थोडा वास येतो, पण मुरलेली ही माती नव्यापेक्षा लवचिक असते आणि पुढच्या पोळ्याला शिंगं कमी गळतात.